शुक्रताऱ्याचा मुलूख

बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीत डोईफोडिया हे आमचे गाव आहे. सरकारी दप्तरात त्याचे नाव हिंदीच्या रीतीप्रमाणे, ‘फोड’मधल्या ‘ड’खाली नुक्ता देऊन लिहितात, परंतु त्या नावाच्या आरंभीची ‘डोई’ काही दप्तराला पुसता आलेली नाही, कारण मस्तकाला डोई म्हणणारा माणूस आमच्या समजुतीप्रमाणे मराठीच असावयाचा. गावाच्या नावाची व्युत्पत्ती लावण्याच्या भरीस मी पडत नाही. तसे करू जाता नाव सार्थ होण्याचाच संभव अधिक. 1956 च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस राज्यांची फेररचना झाली, जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातले मराठी जिल्हे मुंबई राज्याकडे गेले आणि आमचा निमाड जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, तेव्हापासून आमच्या घरी वऱ्हाडी आणि खानदेशी यांच्या मिश्रणाने झालेली मराठी, कचेरीत हिंदी, बाजारात निमाडी आणि सातपुड्याच्या उतारावरून आलेल्या माणसाशी बोलताना कोरकूचे चार शब्द, असा आमच्या जिभेचा कारभार चालत आला आहे.

अशा या गावी, ज्या ओट्यावर संध्याकाळी रेडिओ लागत असे त्या ओट्याखाली धुळीत बसून, वयाच्या नवव्या की दहाव्या वर्षी मी ‘शुक्रतारा, मंद वारा’ हे गीत प्रथम ऐकले. मुंबई केंद्र आमच्याकडे लागे तेव्हा मध्येच एखाद्या परकी स्टेशनची शिट्टी येई आणि मध्येच आवाज पाण्याखाली बुडाल्यासारखा मंद होई. त्यामुळे त्या गीतातले अर्धे शब्द मला कळले नाहीत, आणि जे कळले त्यांचा अर्थ उमगण्याचे ते वय नव्हते. परंतु पुरुषाचा तो किंचित कापरा, मऊ आवाज आणि त्याच्या पाठोपाठ येणारा स्त्रीचा स्वच्छ, सरळ आवाज, हे दोन एकमेकांशी काही तरी खाजगी बोलत आहेत आणि आपण ते चोरून ऐकत आहो, अशी एक अपराधी गोडी मात्र त्या रात्री मनात राहून गेली. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत, आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे स्वर: 1962 च्या सुमारास जन्मलेल्या या गीताला आता साठ वर्षे उलटून गेली. एवढ्या अवधीत रेडिओ गेला, तबकडी गेली, पेन्सिल घालून फिरवावयाची कॅसेटही गेली. ते गीत तेवढे राहिले. ते का राहिले, याचा विचार मी बरीच वर्षे करीत आलो, आणि त्या विचाराला आरंभ झाला तो एका फजितीपासून.

शिक्षणासाठी मी पुण्यास गेलो, तेव्हा तेथील एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात हे गीत म्हणण्याची दुर्बुद्धी मला झाली. आवाज बरा होता, पेटीवाला समजूतदार होता, आणि पहिली ओळ निर्विघ्न पार पडली. परंतु धृपदात ‘जवळी’ हा शब्द आला आणि माझ्या तोंडून सहजगत्या ‘जवयी’ असे बाहेर पडले. वऱ्हाडा-खानदेशाकडे ‘ळ’चा ‘य’ होतो हे व्याकरणाच्या पुस्तकांना ठाऊक आहे. आमच्याकडे डोळा तो डोया आणि केळ ती केय, यात कोणाला काही वावगे वाटत नाही. सभागृहाला मात्र वाटले. आधी मागच्या बाकांवरून एक खसखस उठली, मग ती पुढे सरकली, आणि धृपद तर दर कडव्यानंतर परत परत यावयाचे, म्हणून त्या प्रत्येक वेळी लोक माझ्या ‘य’ची वाट पाहत बसले आणि तो आला की टाळ्या देऊ लागले. मी जिद्दीने ‘ळ’ म्हणावयास गेलो तो ‘ल’ झाला. त्यानंतर कित्येक वर्षे ते गीत कोठे लागले की मी खोलीतून उठून जात असे.

पुढे केव्हा तरी दात्यांची हकीकत माझ्या वाचनात आली आणि मनातली अढी सैल झाली. अरुण दाते हे इंदूरचे. 4 मे 1934 रोजी त्यांचा जन्म तेथे झाला. वडील रामूभैया दाते म्हणजे होळकरांच्या त्या नगरीतले रसिकराज. ज्यांच्या बैठकीत दाद मिळाली म्हणजे गवयाला सनद मिळाल्यासारखे वाटे, आणि ज्यांच्यावर पु. ल. देशपांड्यांनी जिव्हाळ्याने लिहिले आहे, असे गृहस्थ. तीन-चार फर्लांगांवर नव्हे, तरी एका दमाच्या प्रवासावर देवासला कुमार गंधर्व राहत होते आणि दाते घराण्याशी त्यांचे येणे-जाणे होते. अशा घरात वाढलेला मुलगा गाऊ लागला तो उर्दू गझल. 1955 साली त्याने आकाशवाणीवर गावयास सुरुवात केली. पोटापाण्याचा उद्योग मात्र वस्त्रनिर्मितीच्या अभियंत्याचा पत्करला, ही गोष्ट बुऱ्हाणपूरच्या मागांच्या खटखटाटात वाढलेल्या माझ्यासारख्याला विशेष जवळची वाटते. या तरुणाची गझल ऐकून श्रीनिवास खळे त्याच्याकडे आपल्या मराठी गीताचा प्रस्ताव घेऊन आले, तेव्हा त्याने काचकूच केली. आपण इंदूरचे, आपली मराठी तिकडची, आपले उच्चार महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना रुचावयाचे नाहीत, ही भीती आपल्याला होती, असे दात्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. वडिलांनी पाठीवर हात ठेवला, खळ्यांनी हट्ट सोडला नाही, आणि ज्याला मराठीत गावयाचे धैर्य होत नव्हते त्याच्या पहिल्याच मराठी गीताने मराठी भावगीताला त्याची सर्वांत प्रसिद्ध ओळख मिळवून दिली.

त्या दृष्टीने एकदा या चौघांचा मुलूख पाहावा. कवी पाडगावकर वेंगुर्ल्याचे, म्हणजे कोकणाच्या शेवटच्या टोकाचे, जेथून पुढे गोमंतकाची सरहद्द लागते. संगीतकार खळे वाढले ते गायकवाडांच्या बडोद्यात. ज्या नगरीत फैयाज खाँसाहेबांचा दरारा होता तेथे त्यांचे कान तयार झाले. गायक इंदूरचा. आणि गायिका तर मराठी मुळीच नव्हे: सुधा मल्होत्रांचा जन्म दिल्लीचा, घर पंजाबी, आणि 1959 च्या ‘दीदी’ चित्रपटातल्या एका अविस्मरणीय गीताला त्यांनी स्वतःच चाल दिलेली. ज्या गीताला सदाशिव पेठेपासून दादरपर्यंतचे सुशिक्षित मराठी घर आपल्या कपाटातला सर्वांत घरगुती ठेवा मानत आले, ते मराठी मुलखाच्या कडेकडेने आलेल्या, आणि एकीच्या बाबतीत कडेपलीकडून आलेल्या, माणसांनी घडविले आहे. हा योगायोग म्हणावा तर म्हणावा. मला तो तसा वाटत नाही. भाषेच्या मध्यभागी राहणारा माणूस ती सैल हाताने वापरतो. कडेला राहणाऱ्याला ती जपून बोलावी लागते, एकेक वर्ण तोलून टाकावा लागतो, आणि हा तोल त्या ध्वनिमुद्रिकेत स्पष्ट ऐकू येतो.

विशेषतः त्याच ‘जवळी’ शब्दात. आरंभीचा ‘ज’ हा मराठीचा दंततालव्य ‘ज’, जवळ-जरा यांतला; जन्म-जीवनातला तालव्य ‘ज’ निराळा. हिंदीत वाढलेल्या जिभेला हा भेद शिकावा लागतो. आणि अखेरीचा ‘ळ’ हा तर प्रमाण हिंदीत नाहीच. म्हणजे तीन अक्षरांच्या एका शब्दात, आणि तोही नेमका धृपदात, परक्या जिभेच्या दोन परीक्षा मांडून ठेवलेल्या आहेत. मुद्रिका लावून कान देऊन ऐकले तर कळते की दात्यांनी दोन्ही वर्ण किती नितळ, किती सावकाश उच्चारले आहेत. ‘व’वर क्षणभर रेंगाळून ते ‘ळ’वर असे अलगद उतरतात, की पायरी अंधारात आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने पाऊल चाचपून टाकावे. सुधाबाईंना तो ‘ळ’ फारसा जड गेला नसावा, कारण पंजाबी बोलीत तो वर्ण नांदतो. आणि खरे सांगावयाचे तर माळवी व निमाडी बोलींतही तो आहे. माझ्या गावच्या मराठीने तेवढा तो गमावला आहे. पुण्याच्या सभागृहात हे मला ठाऊक असते, तर निदान मनातल्या मनात उत्तर देता आले असते.

दात्यांच्या गझलेचा आणि या गीताचा आणखी एक संबंध आहे, तो सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. गीताच्या ओळीचे लघुगुरू मांडून पाहावे: गालगागा, गालगागा, गालगागा, गालगा. पंधरा अक्षरे, सव्वीस मात्रा. मराठी छंदःशास्त्रात या वृत्ताला देवप्रिया म्हणतात. फारसी-उर्दूत हाच बहर रमल या नावाने शतकानुशतके चालत आला आहे, आणि गालिबच्या दिवाणातली पहिलीच गझल त्यात आहे. म्हणजे ज्या लयीत इंदूरचा हा तरुण उर्दू शेर म्हणत आला होता, तीच लय मराठी शब्द लेवून त्याच्यापुढे आली. भाषेची भीती वाटत असली तरी पावले ओळखीच्या वाटेने पडत होती. फारसी आणि देशी यांचे असे नांदणे आमच्या इलाख्यात नवे नाही: अब्दुर्रहीम खानखाना मोगलांचा सुभा सांभाळीत बुऱ्हाणपुरास राहिला आणि फारसी जाणणाऱ्या त्या सरदाराचे व्रजभाषेतले दोहे उत्तरेत घरोघर गेले, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतानाने बांधलेल्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या शेजारी संस्कृत लेख आजही कोरलेला पाहावयास मिळतो. एका भिंतीवर दोन भाषा मावतात, तर एका वृत्तात का मावू नयेत?

आता गीताच्या अर्थाकडे यावे. प्रसंग म्हणावा असा त्यात नाही. रात्रीचा आरंभ आहे, आकाशात शुक्र आहे, वारा जेमतेम हलतो आहे, चांदणे पाण्यात उतरले आहे, आणि दोघे जण एकमेकांना फक्त जवळ राहावयास सांगत आहेत. रुसवा नाही, विरह नाही, आणाभाका नाहीत, घरच्यांचा विरोध नाही. पुढे काय झाले हेही नाही. त्या काळच्या चित्रपटगीतांना प्रसंगाचे ओझे वाहावे लागे: नायिका कोण, नायक का रागावला, हे श्रोत्याला ठाऊक असल्यावाचून अर्धे गीत लंगडे पडे. येथे नायक-नायिकेला नाव-गाव काहीच नसल्यामुळे जो ऐकेल त्याने स्वतः तेथे जाऊन बसावे अशी जागा मोकळी राहिली आहे. साठ वर्षे लोक त्या जागेवर येऊन बसत आहेत, यात नवल नाही.

निव्वळ कागदावर वाचले तर ही पाडगावकरांची सर्वोत्तम कविता नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. फूल, गंध, वारा, स्पंदन ही सामग्री त्या काळच्या प्रत्येक भावकवीच्या बटव्यात असे, आणि ज्या पाडगावकरांनी पुढे ‘सलाम’ लिहून 1980 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविला, त्यांच्या धारदार हाताची खूण येथे शोधू जाणे व्यर्थ आहे. एक शेवटची प्रतिमा तेवढी निराळी: बहराने लवलेल्या फांदीसारखा वाकलेला जीव. सुखाचेही ओझे होते आणि त्याखाली माणूस वाकतो, हे एवढ्या थोडक्यात सांगणारा कवी साधा नव्हे, हे तेथे कळते. आणि दुसरे एक कौशल्य आहे ते व्याकरणाचे. धृपद पुरुष म्हणतो तेव्हा ‘अशी’ येते. तेच धृपद स्त्री म्हणते तेव्हा ‘असा’ होते. इंग्रजीत ही गोष्ट इतक्या सहजतेने घडली नसती. एका अक्षराचा फरक, आणि त्या फरकाने विनंती उलट दिशेने वाहू लागते: मागणारा देणारा होतो. प्रेमगीतांत बहुधा एक जण याचना करतो आणि दुसरा ऐकतो. येथे दोघांची मागणी एकच आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी आधीच मान्य झालेली आहे. म्हणून त्यात आर्जव असूनही दैन्य नाही. खळ्यांनी चालही तशीच बांधली आहे: कोठे आक्रोश नाही, टाळी घेणारी उंच तान नाही. खळ्यांच्या चाली ऐकावयास सोप्या आणि म्हणावयास कठीण, असा त्यांचा लौकिक होता. मागे फजितीची जी हकीकत सांगितली, तीत चालीचाही थोडा वाटा होता हे मी येथे कबूल करून टाकतो.

शुक्राविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण खेड्यातल्या माणसाला या गीतात एक अडचण पडते. शुक्र हा तारा नव्हे, ग्रह आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण आमच्याकडे ‘शुक्राची चांदणी’ म्हटली की ती पहाटेची: ती उगवली की जात्यावर बसावयाचे, बैल सोडावयाचे, केळीच्या बागेत पाण्याची पाळी धरावयास निघावयाचे. त्यामुळे लहानपणी मला वाटे की हे दोघे रात्रभर जागत बसले असून आता उजाडावयास आले आहे, तरी घरी जावयाचे नाव घेत नाहीत. वस्तुतः शुक्र सूर्यापासून सत्तेचाळीस अंशांपलीकडे कधी जात नाही. म्हणून तो मध्यरात्री डोक्यावर कधीच दिसत नाही, एक तर पहाटे पूर्वेला नाही तर तिन्हीसांजेनंतर पश्चिमेला. सुमारे 584 दिवसांच्या त्याच्या फेऱ्यात आठ-साडेआठ महिने तो सायंकाळी दिसतो, आणि सूर्यास्तानंतर थोड्याच तासांत मावळतो. प्रेमी जनांना याहून अधिक वेळ पंचांग देत नाही, असे म्हणावे लागेल. आणि त्याचा अस्त असेल तेव्हा तर मुहूर्तच निघत नाहीत, हे लग्नाच्या यादीला बसलेल्या प्रत्येक वधूपित्याला ठाऊक आहे. मावळावयास निघालेल्या ग्रहाखाली बसून ‘जवळ राहा’ म्हणणे, यात जी हुरहुर आहे ती कवीने शब्दांत कोठेही लिहिलेली नाही. ती आकाशात आहे.

या प्रकारच्या गीताला आपण भावगीत म्हणतो. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेला जी. एन. जोशी यांनी चाल लावून ती तबकडीवर गायिली, तेथून त्याचा आरंभ मानतात. म्हणजे त्याचाही पहिला शब्द वऱ्हाडातूनच गेला, ही नोंद आमच्या बाजूने करून ठेवतो. पुढे गजानन वाटव्यांनी ते चौकाचौकांत नेले, आणि रेडिओने घराघरांत. नाटकाला रंगमंच लागे, चित्रपटाला तंबू लागे. भावगीताला एक ओटा आणि एक रेडिओ पुरे होता. आमच्यासारख्या, मराठी शाळा विरळ होत गेलेल्या आणि मराठी वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी पोहोचणाऱ्या मुलखात, प्रमाण मराठी कानावर पडण्याचा तोच एक बिनखर्ची मार्ग होता. आमच्या पिढीने लेखनातली मराठी क्रमिक पुस्तकांतून उचलली असेल. पण आर्जव कसे करावे, नकार कसा मऊ करावा, ‘तू’ म्हणताना आवाज कोठे खाली आणावा, हे आम्ही दाते आणि त्यांच्या समकालीनांकडून शिकलो.

दात्यांनी पुढे याच गीताचे नाव घेऊन ‘शुक्रतारा’ हा कार्यक्रम उभा केला आणि त्याचे प्रयोग दोन हजारांहून अधिक झाले. त्यांच्याबरोबर गावयाला गायिका बदलत गेल्या, वाद्ये बदलली, खुद्द त्यांच्या आवाजातला तो कापरेपणा वयाने आणखी दाट झाला. आणि श्रोते तेच राहिले, अथवा त्यांची मुले आली. खळे 2 सप्टेंबर 2011 रोजी गेले, पाडगावकर 30 डिसेंबर 2015 रोजी, आणि आपला चौऱ्याऐंशीवा वाढदिवस झाल्यावर दोनच दिवसांनी, 6 मे 2018 रोजी, दाते मुंबईत निवर्तले.

गेल्या वैशाखात आमच्या गल्लीत एक लग्न होते. वरातीच्या बँडने हिंदी चित्रपटांची यच्चयावत गीते वाजवून झाल्यावर, जेवणे उरकून मांडव शांत झाला तेव्हा, कोणा म्हाताऱ्याच्या फर्माइशीवरून क्लॅरिनेटवाल्याने हे गीत काढले. त्याला शब्द ठाऊक नव्हते. तो निमाडी, चाल त्याने बापाकडून उचललेली. भांडी विसळीत बसलेल्या बायकांनी मात्र एकेक करीत धृपद धरले, हात राखेने भरलेले तसेच ठेवून. पुण्याच्या त्या सभागृहात माझ्यावर हसलेल्यांपैकी कोणी आज हा लेख वाचीत असतील, तर त्यांना सविनय कळवावयाचे ते इतकेच, की डोईफोडियात आजही ‘जवयी’च म्हणतात, आणि त्या रात्री सूर कोणाचाही चुकला नाही.